जामीनदार नसलेल्यांचं टोकियो

टोकियोत पहिल्यांदा आलेल्या मराठी पाहुण्याचं वेळापत्रक जवळजवळ ठरलेलं असतं. शिबुयाचं ते जगप्रसिद्ध क्रॉसिंग, आसाकुसाचं देऊळ, अकिहाबारामध्ये गॅजेट्सची दुकानं. तिसऱ्या दिवशी नूडल्सचा कंटाळा येतो आणि ओळखीतलं कुणीतरी फोनवर म्हणतं, "अहो, संध्याकाळी निशी-कसाईला या ना. वरण-भात लावलाय."

नावावर जाऊ नका! निशी म्हणजे पश्चिम आणि कसाई हे पूर्व टोकियोतल्या एका जुन्या भागाचं नाव. आपल्या कसायाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. उलट अख्ख्या टोकियोत शाकाहारी माणसाने बिनधास्त पोटभर जेवावं अशी जी मोजकी ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक.

ओतेमाची म्हणजे टोकियोचं नरिमन पॉइंट. बँका, काचेचे टॉवर्स, काळ्या सुटातली माणसं. तिथून तोझाई लाइनची मेट्रो पकडायची. मिनामी-सुनामाची स्टेशन सुटलं की गाडी जमिनीखालून वर येते, एकदम उजेड होतो, खाली भलीमोठी रुंद आराकावा नदी लागते आणि पूल संपला की निशी-कसाई. ओतेमाचीपासून पाव तासाच्या आसपास. सकाळी उलट्या दिशेने जाताना मात्र हीच लाइन घाम काढते. २०१९ साली तोझाई लाइनचा किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा अख्ख्या जपानातल्या सगळ्यात खचाखच टप्प्यांपैकी होता, क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी. ठाण्याहून रोज फास्ट लोकल पकडलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, ती गोष्ट वेगळी.

स्टेशनबाहेर पडल्यावर पहिल्यांदा थोडी निराशा होते. 'लिटिल इंडिया' म्हणून काहीतरी रंगीबेरंगी बाजारपेठ डोळ्यासमोर असते, तसं इथे काहीच नाही. बसस्टॉप, सायकलींच्या रांगा, पाचिंकोचा दणदणाट, आणि सगळीकडे सरळ रेषेत उभ्या असलेल्या बिल्डिंगा. हा सगळा भाग समुद्राला लागून. एके काळी इथलं नोरी, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात ते समुद्री शेवाळ, प्रसिद्ध होतं. मग भराव घालून जमीन वाढवली, रस्ते आखले आणि १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये स्टेशन सुरू झालं. म्हणजे गाव तसं नवंच. सुंदर म्हणावं असं नाही. पण पाचेक मिनिटं चाललं की कानावर हिंदी पडतं, मग तेलुगू, आणि भाजीच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव बघून "बाप रे!" असं अस्सल मराठीत. एदोगावा वॉर्डात पाच हजारांहून जास्त भारतीय राहतात. जपानातल्या भारतीयांची ही सगळ्यात मोठी वस्ती. टोकियो मराठी मंडळाच्या गणपतीला भेटणारी बरीच मंडळी याच पट्ट्यातून येतात.

आता प्रश्न असा, की ही सगळी मंडळी इथेच का? टोकियो काय लहान शहर आहे?

कुणालाही विचारा, तीन उत्तरं मिळतात. ऑफिसला थेट गाडी. जवळ भारतीय शाळा. मसाल्याची दुकानं. तिन्ही खरी आहेत, पण शाळा आणि मसाले माणसं आल्यानंतर आले. माणसं आली त्याआधी एक कागद होता, आणि त्या कागदावर एक रकाना रिकामा ठेवला तरी चालत होतं. त्या रकान्याचं नाव 'होशोनिन'. आपल्या भाषेत जामीनदार.

पतपेढीतून थेट टोकियोला

जामीनदार म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. पतपेढीचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. मग बाबांचे ऑफिसातले मित्र, मामा, शेजारचे काका यांच्याकडे फेऱ्या. आणि घरातली एक आजी तरी असतेच, जी सांगते, "कुणाच्या कागदावर सही करू नकोस बाबा."

फक्त आपल्याकडे हा प्रकार कर्जापुरता. भाड्याच्या घरासाठी पुण्या-मुंबईत जामीनदार सहसा मागत नाहीत. लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, रात्री मित्र येतात का हे मात्र सगळं विचारतात! डिपॉझिट घेतात, लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करतात, दोन साक्षीदारांच्या सह्या होतात. साक्षीदार म्हणजे फक्त 'सही माझ्यासमोर झाली' म्हणणारा माणूस. तुम्ही भाडं थकवलंत तर त्याच्या खिशाला चाट पडत नाही.

जपानात पडते. तिथे घर भाड्याने घेताना जो जामीनदार लागायचा तो साधा नाही, 'रेंताई होशोनिन'. साधा जामीनदार घरमालकाला म्हणू शकतो, "आधी भाडेकरूकडे मागा, नाही मिळालं तर माझ्याकडे या." रेंताई होशोनिनला हे म्हणायची सोय नाही. पहिल्या दिवसापासून तो आणि भाडेकरू मालकाच्या नजरेत एकच. थकलेलं भाडं, मोडतोड, सगळं मालक थेट त्याच्याकडे मागू शकतो. शिवाय हा माणूस जपानात राहणारा, नियमित कमाई असलेला, आणि बहुतेक मालकांच्या मते जपानीच हवा. जपानी मुलामुलींना ही जागा आई-वडील भरून देतात. तुमचे आई-वडील कोथरूडला आहेत, मग काय करायचं?

जपानच्या कायदा मंत्रालयाने २०१७ साली परदेशी रहिवाशांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांना 'परदेशी आहात' म्हणून नकार मिळाला होता, आणि ४१.२ टक्क्यांना जपानी जामीनदार नाही म्हणून. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, हे जरा लक्षात ठेवा. तोंडावर 'तुम्ही आम्हाला नको' म्हणणं जड जातं. 'तुमच्याकडे जामीनदार नाही' म्हणणं सोपं.

"गाइकोकुजिन नान देसु गा..."

माझी एक मैत्रीण मूळची कोथरूडचीच, टोकियोत पाच वर्षं झाली. मोठ्या आयटी कंपनीत होती, राहायला कंपनीचा फ्लॅट. याला तिथे शाताकू म्हणतात. कंपनीच घर भाड्याने घेते, करार कंपनीच्या नावावर, जामीनदाराचा प्रश्नच येत नाही. नव्याने जपानला जाणाऱ्या बहुतेक मराठी पोरापोरींना या भानगडीचा पत्ताच नसतो तो यामुळे. सगळं छान चालतं. मग एक दिवस तुम्ही नोकरी बदलता.

तिने बदलली. छोट्या स्टार्टअपमध्ये चांगली पोस्ट मिळाली, पगारही वाढला, पण शाताकू नाही. जुन्या कंपनीने महिनाअखेर फ्लॅट रिकामा करायला सांगितलं. हातात चार आठवडे. घर मिळालं नाही तर सामान कुठे न्यायचं इथपासून प्रश्न, कारण तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला पत्ता बदलला की चौदा दिवसांत नव्या वॉर्ड ऑफिसात नोंदवावा लागतो, आणि रेसिडेन्स कार्डाच्या मागे तो छापला जातो. पत्ता म्हणजे नुसतं घर नव्हे, तिथे असण्याचा पुरावा.

तिच्याबरोबर एका शनिवारी मी फुदोसान-यामध्ये, म्हणजे एजंटच्या ऑफिसात गेले. या ऑफिसांच्या काचा बाहेरून घरांच्या नकाशांनी भरलेल्या असतात. १के, १एलडीके, खोली किती ताताम्यांची, स्टेशनपासून किती मिनिटं. ही मिनिटंसुद्धा नियमाने मोजलेली, ८० मीटर म्हणजे एक मिनिट. आपल्याकडच्या 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं' वाल्यांनी शिकण्यासारखं आहे!

एजंट अतिशय नम्र. चहा दिला. मैत्रिणीने कियोसुमी-शिराकावाच्या बाजूची, कालव्याजवळची घरं निवडली. मग त्याने एकेका मालकाच्या ऑफिसला फोन लावायला सुरुवात केली आणि प्रत्येक फोनमध्ये, सगळी माहिती सांगून झाल्यावर, आवाज किंचित खाली आणून एक वाक्य: "गाइकोकुजिन नान देसु गा..." परदेशी आहेत, पण... त्या 'पण'च्या पुढे वाक्यच नाही. पलीकडच्याने काय ते समजायचं. माझं जपानी शून्य, तरी चौथ्या फोनपर्यंत ते वाक्य मला पाठ झालं. सातपैकी चार ठिकाणी दार तिथेच बंद. एका मालकाची हरकत नव्हती, पण जामीनदार जपानीच हवा, कंपनीबिंपनी चालणार नाही.

मैत्रिणीने आपल्या जुन्या मॅनेजरला विचारून पाहिलं. चांगला माणूस, पाच वर्षांची ओळख. तो म्हणाला, "चोत्तो..." आणि थांबला. चोत्तो म्हणजे 'जरासं'. जपानीत वाक्य इथे थांबलं की त्याचा अर्थ नाही. तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. तिथल्या घरांतही मुलांना बजावलेलं असतंच, काहीही कर पण कुणाचा रेंताई होशोनिन होऊ नकोस. पुण्यातली आजी आणि सैतामाची आजी, दोघींचं एकच मत.

चहावाले चंद्राणी आणि सरकारी दांची

आता पुन्हा निशी-कसाईकडे येऊ. कोलकात्याचे जगमोहन चंद्राणी हे चहाचे व्यापारी १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानात आले आणि या नव्याकोऱ्या वस्तीत राहायला लागले. त्या वेळी इथे भारतीय म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग आला वाय-टू-के. २००० साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर गडबडणार या भीतीने जपानी बँकांना प्रोग्रॅमर्स हवे होते आणि ते भारतातून विमानं भरभरून येऊ लागले. कामं ओतेमाची-निहोनबाशीच्या बँकांमध्ये, राहायची सोय बेताची, आणि घर बघायला गेलं की जामीनदार आणा. चंद्राणी या पोरांसाठी मालकांशी, एजंटांशी बोलू लागले. शाकाहारी पोरांचे हाल बघून त्यांनी जेवणाचीही सोय केली. निशी-कसाईच्या भारतीय वस्तीची सुरुवात सांगताना लोक आजही त्यांचंच नाव आधी घेतात.

पण एकटा माणूस किती जणांसाठी शब्द टाकणार? खरी चावी होती स्टेशनच्या आसपासच्या मोठमोठ्या सरकारी गृहसंकुलांकडे. याला दांची म्हणतात. युद्धानंतर घरांची टंचाई होती म्हणून १९५५ साली जपानने सरकारी गृहनिर्माण महामंडळ काढलं. म्हाडाचा चुलतभाऊ समजा, फक्त हा घरं भाड्याने देतो. नावं बदलत बदलत २००४ पासून ते यूआर झालं. कोजिमाचो, सेइशिनचो या भागांत फिरा, एकसारख्या बिल्डिंगा, प्रत्येकीवर मोठ्ठा नंबर, बाल्कनीत वाळत घातलेल्या गाद्या आणि त्यातच एखादा कुर्ता दिसला की समजायचं.

यूआरचा फंडा एकदम साफ आहे. जामीनदार नको. रेइकिन नको. एजंटची फी नाही, दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणाचे पैसे नाहीत. दोन महिन्यांचं डिपॉझिट द्या, जो आधी येईल त्याला घर. परदेशी असलात तरी दीर्घ मुदतीचा व्हिसा असला की बस. बघतात ते फक्त कमाई. एकटा माणूस असेल आणि भाडं ६२,५०० ते २ लाख येनच्या आत असेल, तर महिन्याची कमाई अडीच लाख येन हवी. कुटुंब असेल तर ८२,५०० ते २ लाखांच्या भाड्याला ३ लाख ३० हजार. एवढी कमाई दाखवता येत नाही? मग भाड्याच्या शंभर पट शिल्लक बँकेत दाखवा, किंवा वर्षाचं भाडं एकरकमी भरा. एक येन म्हणजे साधारण पन्नास-साठ पैसे, हिशेब तुम्हीच करा.

यात 'तुमचं कोण आहे?' हा प्रश्न कुठेच नाही. 'तुमचं काय आहे?' एवढंच. आयटीवाल्याकडे कुणी नव्हतं, पगार मात्र होता. त्यामुळे पहिला आला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने बायकोला बोलावलं, मुलं झाली, शाळा आली, कढीपत्ता आला. टोकियोच्या नकाशावर भारतीय वस्ती कुठे असावी हे एका अर्थाने भाडेकराराच्या एका रकान्याने ठरवलं. २०१९ साली याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात पुराणिक योगेंद्र हे मूळचे महाराष्ट्रातले गृहस्थ निवडून आले, तेव्हा जपानात निवडून आलेला भारतीय वंशाचा पहिला माणूस म्हणून बातम्या झाल्या. जामीनदार न मागणारी बिल्डिंग नसती तर तो मतदारसंघच असा झाला नसता, असं आपलं माझं मत.

रविवारी दुपारी ग्योसेन पार्कला गेलात तर हे सगळं एकत्र दिसतं. इथे फुकट बघता येणारं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, जपानी बाग आहे. गिनीपिग मांडीवर घेऊन बसलेली मराठी चिमुरडी आईशी मराठीत आणि मैत्रिणीशी अस्खलित जपानीत भांडत असते. बाकावर दोन आजोबा, सहा महिन्यांच्या व्हिजिटवर आलेले, डिस्ट्रिक्ट बँकेच्या व्याजदरावर चर्चा करतायत.

यूआर नाही, तर मग?

मैत्रिणीने यूआर बघितलं नाही असं नाही. त्या आठवड्यात तिथे रिकामी होती ती कुटुंबासाठीची मोठी घरं, नाहीतर लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगेत वरचा मजला. शिवाय तिचं स्पष्ट म्हणणं, "अगं, टोकियोत येऊन कोथरूडमध्येच राहायचं असतं तर आले कशाला?" मुद्दा बिनतोड आहे. आवडीची वस्ती निवडायची ऐपत जपानी मुलीला जामीनदारासकट मिळते, हिला का मिळू नये?

मग उरतात यचिन होशो गाइशा, म्हणजे भाड्याची हमी घेणाऱ्या कंपन्या. आता टोकियोत बहुतेक घरं यांच्याच मार्फत जातात, अगदी जपानी माणसालासुद्धा. सुरुवातीला साधारण अर्ध्या ते एक महिन्याच्या भाड्याइतकी फी, मग दरवर्षी दहा हजार येनच्या आसपास. कंपनी तुमची कागदपत्रं तपासते. रेसिडेन्स कार्ड, पगाराचा दाखला, नवी नोकरी असेल तर ऑफर लेटर, व्हिसा किती दिवसांचा उरलाय. फक्त परदेशी भाडेकरूंसाठी काम करणाऱ्या, इंग्रजीत फोन घेणाऱ्या कंपन्याही आहेत.

इथे एक गैरसमज अगदी शिकल्यासवरल्यांचाही होतो. फी भरली म्हणजे हा आपला इन्शुरन्स झाला, एखाद्या महिन्यात भाडं नाही जमलं तर कंपनी बघून घेईल. बघून घेईल, पण मालकाचं! मालकाला पैसे देऊन तीच कंपनी दुसऱ्या दिवसापासून तुमच्या मागे लागते. पैसे तुम्ही भरता, संरक्षण मालकाला. अशा एका कंपनीच्या करारात कलम होतं, की दोन महिने भाडं थकलं, फोन लागत नाही, घरात कुणी राहत असल्याचं दिसत नाही, तर घर रिकामं झालं असं धरून सामान हलवायचं. १२ डिसेंबर २०२२ ला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बेकायदा ठरवलं. तेव्हा कंपनी निवडताना सरकारकडे नोंदणी आहे का बघायचं. २०१७ पासून तशी नोंदणीची सोय आहे. पण सक्तीची नाही, म्हणून विचारायचं. अडचण अशी, की कंपनी बहुतेक वेळा तुम्ही नाही, मालक निवडतो.

माणूसच जामीनदार ठेवायचा असेल तर १ एप्रिल २०२० पासून नियम बदललाय. पूर्वी होशोनिनची जबाबदारी किती, याला काही मर्यादाच नव्हती. आता जास्तीत जास्त किती रकमेपर्यंत तो बांधील हे करारात आकड्यात लिहावंच लागतं, नाहीतर त्याची हमीच रद्द. कायदा केला जामीनदाराला वाचवायला. झालं असं की आकडा छापून समोर आल्यावर तो बघूनच माणसं घाबरू लागली. "थोडी मदत" म्हणून सही करणं वेगळं आणि "वीस लाख येनपर्यंत" वाचून सही करणं वेगळं.

विद्यार्थ्यांचं त्या मानाने बरं आहे. अनेक युनिव्हर्सिट्यांत परदेशी विद्यार्थ्यांसाठीची इन्शुरन्स योजना घेतली की युनिव्हर्सिटी स्वतः होशोनिन म्हणून उभी राहते. जपानला शिकायला जाणार असाल तर हॉस्टेलच्या आधी हे विचारा. शेअर हाऊस आणि महिन्याच्या कराराचे फर्निचरसकट फ्लॅट यातही जामीनदार सहसा लागत नाही. महाग पडतात, पण डोकं टेकायला दोन महिने ठीक. आणि नवी कंपनी छोटी असली तरी एचआरला एकदा विचारायला काय हरकत आहे? करार कंपनीच्या नावावर नाही केला तरी काही कंपन्या जामीन राहतात. मैत्रिणीच्या स्टार्टअपला एचआरच नव्हता, तो भाग निराळा.

शेवटी कालव्याजवळचं एक घर मिळालं. भाडं एक लाख येन. आता खर्च बघा. डिपॉझिट, म्हणजे शिकिकिन, एक महिना. रेइकिन एक महिना. हे मालकाला 'आभाराचे' पैसे, परत मिळत नाहीत, पागडीची लहान बहीणच. एजंटला एक महिना अधिक दहा टक्के टॅक्स. पहिलं भाडं. हमी कंपनीला अर्धा महिना. आगीचा विमा आणि कुलूप बदलायचे पैसे वेगळे. म्हणजे आत पाऊल टाकायच्या आधी ४ लाख ६० हजार येनच्या वर. यूआरला हेच भाडं असतं तर दोन लाख आणि चालू महिन्याचं भाडं. जामीनदार नसण्याची आणि आवडीच्या खिडकीची किंमत ही अशी.

आणखी एक रकाना

सगळं झालं असं वाटत असताना फॉर्मवर शेवटचा एक रकाना आला. किंक्यू रेनराकुसाकी. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. हमी कंपनी असली तरी हा लागतोच. यात पैशाची जबाबदारी शून्य. तुमचा फोन लागला नाही तर कंपनी या माणसाला फोन करणार, एवढंच. पण तो जपानात राहणारा हवा, जपानी बोलणारा हवा, आणि शक्यतो नातेवाईक हवा. म्हणजे फिरून तोच प्रश्न, तुमचं इथे कोण आहे? १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारमान्य हमी कंपन्यांचा एक नवा वर्ग सुरू झालाय, त्यांना हा कॉन्टॅक्ट नातेवाईकच किंवा व्यक्तीच हवी असा आग्रह धरता येत नाही, संस्थाही चालते. पण तिची कंपनी त्यातली नव्हती.

ऑफिसमधल्या कुणाला विचारायचं धाडस तिला होईना. चोत्तोचा अनुभव ताजा होता. शेवटी तिने शनिवारच्या जपानी वर्गातल्या आजींना विचारलं. हे वर्ग स्वयंसेवक चालवतात. आजी सत्तरीच्या पुढच्या, रिटायर्ड, दर आठवड्याला हिच्या क्रियापदांच्या चुका काढणाऱ्या. आजींनी आधी विचारलं, "पैसे द्यावे लागतात का?" नाही म्हटल्यावर "मग त्यात काय!"

खात्री करायला कंपनीचा फोन गेला, तेव्हा आजींनीच उलटी झडती घेतली. तुम्ही कोण, नोंदणी आहे का, मुलगी वेळेवर भाडं देईल, तुम्ही तिला वेळेवर उत्तर द्याल ना? पुढच्या शनिवारी वर्गात हे सगळं आजींनी नक्कल करून दाखवलं. फॉर्मवर 'नातं' असा चौकोन होता. मैत्रीण 'शिक्षिका' लिहिणार होती. आजी म्हणाल्या, पगार घेत नाही तर शिक्षिका कसली, 'ओळखीच्या' लिही.

महिनाअखेरच्या दोन दिवस आधी सामान हललं. चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिस झालं, कार्डाच्या मागे नवा पत्ता आला.

आता तिलाच फोन येतात. पुण्याहून नव्याने आलेली, शाताकूतून बाहेर पडलेली ज्युनिअर पोरं. इमर्जन्सी कॉन्टॅक्टला ती लगेच हो म्हणते. तीन फॉर्मवर तिचा नंबर आहे, तिन्हींवर नातं 'ओळखीच्या'. रेंताई होशोनिन होशील का असं कुणी विचारलं, तर ती म्हणते, "चोत्तो..." आणि निशी-कसाईतल्या रिकाम्या घरांची यादी पाठवून देते.